रेट्रो पार्टीचे कपडे घरच्या घरी: जुन्या जीन्स, साड्या, शर्टांचं काय केलंत?

साठ-सत्तरच्या दशकाची थीम ठरली की भाड्याचे चमचमते कपडे आणण्यापेक्षा कपाट उपसा. कशाचं काय केलंत ते इथे मापांसकट लिहा. नुसतं 'मस्त झालं' नको, घेर किती घेतला ते सांगा.

*

बेलबॉटमसाठी मांडीला घट्ट बसणारी जुनी जीन्स घ्या. खालची दुमड आणि गुडघ्यापर्यंतची बाहेरची शिवण उसवा. आतली शिवण बहुतेक वेळा डबल टिपेची असते, तिच्या नादी लागू नका. मधे तिकोनी कळी: उंची 17 इंच, तळ 9 इंच, शिवाय चहूकडून अर्धा इंच मार्जिन. 14 इंचाचा बॉटम 23 चा होतो, त्याहून कमी घेर लांबून दिसतच नाही. कापडाचा उभा धागा कळीच्या मधोमध यायला हवा, नाहीतर एक बाजू लोंबते.

खरी गोम टोकाशी. दोन्ही बाजू टोकाकडून खाली शिवायच्या आणि टीप मार्जिन सोडून, जिथे जुनी शिवण संपते नेमकी तिथून सुरू करायची. टीप त्या बिंदूच्या वर गेली की चुणी पडते, मग इस्त्री कितीही फिरवा. सुई 16 नंबरची. जाड जोडावर ती मोडते, म्हणून तिथे आधी हातोडीने ठोकून घ्या.

*

ठिपक्यांच्या सुती साडीचा सर्कल स्कर्ट. कंबर 28 असेल तर 28 भागिले 6.28, म्हणजे साडेचार इंच त्रिज्या. कापताना 4 च ठेवा, अर्धा इंच शिवणीत जातो. लांबी 25 आणि दुमड 1 धरून बाहेरची त्रिज्या साडेतीस. अख्खा गोल 61 इंचांचा, साडीचा पन्हा 45 च्या आसपास, म्हणून दोन अर्धगोल लांबीच्या दिशेने कापायचे. मिळून 122 इंच, म्हणजे 3.1 मीटर लागतं. उरलेल्यात पट्टा आणि ब्लाउज निघतो.

शिवल्या शिवल्या खाली दुमडू नका. रात्रभर टांगून ठेवा. उरेब, म्हणजे तिरक्या धाग्याचा, भाग खाली उतरतो. मग अंगावर घालून जमिनीपासून पट्टीने उंची मोजत कापा. जॉर्जेट नकोच, कात्रीखाली पळतं.

*

वरच्या स्कर्टला फुगवटा हवा तर आत कडक नेट, पण नेटखाली मलमलचं अस्तर हवंच. पाय सोलवटतात हो!

*

'ब्रह्मचारी' (1968) मधली मुमताजची साडी, आपल्या कोल्हापूरच्या वेशभूषाकार भानू अथैयांचं काम, सगळ्यांनाच हवी असते. ती नेसायची नाही, शिवायची. अंगाबरोबर बसणाऱ्या साटन पेटीकोटवर साडी तळापासून तिरकी गुंडाळत, दर फेऱ्याला 5 इंच वर चढवा, काठ दिसू द्या. टाके फक्त डाव्या शिवणीवर घाला, तिथेच वरून 9 इंची चेन. सगळीकडे टाचलं तर कापड जखडतं आणि पाऊल पडत नाही. गुडघ्याचं माप बसून घ्या, मागे 8 इंचांचा स्लिट ठेवा.

*

पुरुषांसाठी सर्वांत स्वस्त उपाय: डॉग कॉलर, म्हणजे लांब टोकांची कॉलर. जुनी कॉलर पट्टीपासून उसवून तिच्यावरूनच कागदी नमुना काढा, खालची कड तीच ठेवून टोकं साडेचार इंच करा. कापड त्याच शर्टाच्या बाह्यांतून, शर्ट हाफ होऊ द्या. बकरम (कॉलर ताठ ठेवणारं आतलं कापड) मार्जिन सोडून कापा, नाहीतर कोपरा गाठीसारखा जाड होतो. कोपऱ्यावर एक टाका आडवा घेऊन वळलात की टोक अणकुचीदार येतं. आतून कात्री खुपसलीत तर भोक.