सी विंग ग्रुप : डिशच्या वायरीतून इंटरनेट नेता येईल का?

सी-६०३ : नमस्कार मंडळी. मागच्या बेडरूममध्ये वायफाय पोहोचत नाही, मुलीचा ऑनलाइन क्लास सारखा अडकतो. बिल्डरने प्रत्येक खोलीत टीव्हीची कोॲक्स वायर टाकलीये. तिच्यातूनच नेट नेता येईल का?

सी-२०१ काकू : कर काहीतरी, पण भिंत फोडू नकोस गं बाई.

सी-१०४ : ताई, मी बरीच वर्षं केबलिंगचं काम केलंय, म्हणून विचारतो. केबल टीव्ही आहे की डिश?

सी-६०३ : डिश.

सी-१०४ : मग त्या वायरीत नको. छत्रीकडून बॉक्सपर्यंत सिग्नल येतो तो ९५० ते २१५० मेगाहर्ट्झमध्ये. कोॲक्सवर नेट चालवणारं मोका नावाचं तंत्र आहे, त्याचा पट्टा ११२५ ते १६७५. दोघं एकाच जागेवर बसणार. शिवाय बॉक्स त्याच वायरीतून छत्रीला १३ किंवा १८ व्होल्ट पाठवत असतो. केबल टीव्ही असता तर जमलं असतं. त्याचे चॅनल मोकाच्या पट्ट्याच्या खाली असतात, एका वायरीत दोन्ही सुखाने चालतात. फक्त घरात वायर शिरते तिथे फिल्टर लावायचा, नाहीतर आपलं नेट स्प्लिटरमधून, म्हणजे वायर वाटणाऱ्या डबीतून, शेजाऱ्याच्या घरात डोकावतं.

सी-५०२ : आम्ही विजेच्या सॉकेटवाले, घरातल्या विजेच्या तारांमधूनच नेट नेणारे पॉवरलाइन अडॅप्टर लावलेत. हॉलमध्ये छान, बेडरूममध्ये रडतं.

सी-१०४ : दादा, बेडरूमचा अडॅप्टर स्पाइक गार्डमध्ये आहे का? असेल तर थेट भिंतीच्या सॉकेटमध्ये लावा. वीज ५० हर्ट्झवर, नेट २ मेगाहर्ट्झच्या वर, म्हणून तारेत भांडण नाही. पण स्पाइक गार्ड वरचं सगळं कचरा समजून गाळतो. दुसरं, घरात थ्री फेज असेल आणि ती खोली वेगळ्या फेजवर असेल तर स्पीड पडतोच. आणि जोडणीचं बटण दाबून पासवर्ड बदलून घ्या, मीटरच्या पलीकडेही सिग्नल जातो.

सी-५०२ : स्पाइक गार्डच होता! काढला, फरक पडला. धन्यवाद दादा.

सी-६०३ : आमच्या बेडरूममध्ये इंटरकॉमचं एक्स्टेन्शन आहे, सासूबाईंसाठी. खोका उघडला तर आत आठ तारा, चार रंगांच्या जोड्या. फोटो टाकते.

सी-१०४ : ताई, ही कॅट ५ई म्हणजे नेटचीच वायर आहे! तुमचं काम झालं. इंटरकॉमला एकच जोडी लागते, फोटोत निळी वापरलीये. १०० एमबीपीएसचं इथरनेट, म्हणजे वायरवरचं नेट, दोन जोड्यांवर चालतं, जॅकच्या १-२ आणि ३-६ नंबरवर. नारिंगी आणि हिरवी तिथे लावायची, निळीला हात लावायचा नाही. आजींचा इंटरकॉम राहील, मुलीला नेट मिळेल.

सी-६०३ : आमचा प्लॅन २०० चा आहे ना?

सी-१०४ : १०० च्या वर जायचं तर गिगाबिट, म्हणजे १००० चं, लावावं लागतं. त्याला चारही जोड्या लागतात, मग इंटरकॉम काढावा लागेल. क्लासला १०० भरपूर. राउटरचं पोर्टही सेटिंगमध्ये १०० वर बांधून ठेवा, नाहीतर ते गिगाबिट जमवायला जातं आणि कधी कधी लिंकच लागत नाही. घंटी वाजताना कधी क्षणभर अडखळलं तर घाबरू नका.

सी-६०३ : त्याच वायरवर पुढे गॅलरीत कॅमेरा लावू का? पीओईवाला, नेटच्या वायरीतूनच वीज घेणारा?

सी-१०४ : नाही, अजिबात नाही. वायरीत वीज सोडणारे साधे पीओई इंजेक्टर ती ४-५ आणि ७-८ वर सोडतात, आणि ४-५ म्हणजे तुमची निळी जोडी. इंटरकॉम जळू शकतो.

सेक्रेटरी : एक विनंती. जे करायचं ते फ्लॅटच्या आत. शाफ्टमधल्या वायरींना कुणीही परस्पर हात लावू नये. मागे एका वायरमनने चुकीची जोडी कापली, तीन मजले दोन दिवस गेटशी बोलू शकले नव्हते.

सी-१०४ : बरोबर आहे साहेब. ताई, रविवारी दहा वाजता येतो, क्रिम्पिंग टूल माझ्याकडे आहे. तुम्ही दोन आयओ बॉक्स, म्हणजे भिंतीवरचे नेटचे सॉकेट, तेवढे आणून ठेवा.

सी-६०३ : नक्की दादा. खूप आभार. नाश्ता इथेच करा.