मदत हवी आहे: विषुववृत्त ओलांडल्याच्या दाखल्यावरून जहाजाचं नाव कसं शोधायचं?

वडील मालवाहू जहाजावर भंडारी (स्वयंपाकी) होते. त्यांच्या पेटीत विषुववृत्त पहिल्यांदा ओलांडल्याचा समुद्रदेव नेपच्यून राजाच्या नावाचा, जहाजावर गमतीने देतात तो दाखला सापडला. तारीख १४ नोव्हेंबर १९७९, अक्षांश शून्य, रेखांश २२ पश्चिम, म्हणजे अटलांटिक. खाली त्रिशूळाचा शिक्का आणि कॅप्टनची सही. जहाजाचं नाव मात्र बुरशीने खाल्लंय, शेवटची 'रत्न' एवढीच अक्षरं वाचता येतात.

पहिल्यांदा विषुववृत्त ओलांडणाऱ्यांच्या थट्टेच्या सोहळ्यात डोळ्यांवर पट्टी, अंगभर ग्रीस आणि कणीक, मग होजच्या पाण्याने आंघोळ, हे ते रंगवून सांगायचे. (१८३२ साली बीगल जहाजावर डार्विनचीही अशीच डांबर फासून हजामत झाली होती.) जहाजाचं नाव विचारायचं मात्र आमच्याकडून राहून गेलं. ते आता नाहीत, आईला आठवत नाही.

सीडीसी (खलाशाच्या जहाजांवरच्या नोकरीच्या नोंदींचं पुस्तक) आहे, पण नेमकं १९७९ चं पान फाटलंय. मुंबईतल्या कचेरीत गेलो, तर आधी जहाजाचं नाव सांगा म्हणाले. कंपनीचं नावही माहीत नाही. दाखल्याचा मोबाइलने फोटो काढून उजेड-गडद करून पाहिला, उपयोग झाला नाही. कागद ठिसूळ आहे, त्यामुळे रसायन लावायचं नाही.

जुन्या खलाशांना किंवा जहाजावरच्या अधिकाऱ्यांना विचारतो: हा सोहळा जहाजाच्या लॉगबुकात नोंदवत असत का? आणि फक्त सीडीसी नंबर व तारखेवरून जहाज शोधायचं, तर अर्ज नेमका कोणत्या नोंदीसाठी करायचा?