रोजच्या वापरातील गाडीत कॉम्प्रेशन वाढवणारे पिस्टन बसवावेत का?

फ्लायव्हील (सदस्यनाव; मूळ लेखन)

माझ्या गाडीचे चार सिलिंडरांचे १६०० सीसीचे पेट्रोल इंजिन तेल खाऊ लागले आहे. बोअर (सिलिंडरची आतली पोकळी) झिजल्यामुळे तो ०.५ मिमीने मोठा करून घेणे अटळ आहे, म्हणजे पिस्टन नवे घ्यायचेच आहेत. अशा वेळी मूळचे ९:१ हे कॉम्प्रेशन गुणोत्तर (मिश्रण किती पट दाबले जाते ते) जसेच्या तसे ठेवणे म्हणजे आयती चालून आलेली संधी दवडणे होय, असे माझे स्पष्ट मत आहे.

हिशेब असा : मूळ बोअर ८० मिमी, एका सिलिंडरची क्षमता ४०० सीसी आणि पिस्टन सर्वांत वर असताना उरणारी जागा ५० सीसी. रिबोअरनंतर क्षमता ४०५ सीसी होते, त्यामुळे गुणोत्तर आपोआपच ९.१ वर जाते. मूळ पिस्टनच्या माथ्यावर ७.५ सीसीची वाटी आहे. त्याऐवजी सपाट माथ्याचा पिस्टन घेतल्यास उरणारी जागा ४२.५ सीसी होऊन गुणोत्तर १०.५ होते. ऑटो चक्राच्या (पेट्रोल इंजिनाच्या आदर्श चक्राच्या) सूत्राप्रमाणे ९ वरून १०.५ वर गेल्यास कार्यक्षमता ५८.५ टक्क्यांवरून जवळपास ६१ टक्के होते. प्रत्यक्षातील लाभ याहून कमी असणार हे मान्य आहे, परंतु तो केवळ पूर्ण थ्रॉटलवर नव्हे, तर रोजच्या संथ चालवण्यातही मिळत राहतो. मजबुतीसाठी मी २६१८ या अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचे फोर्ज्ड (दाबून घडवलेले) पिस्टन घेण्याच्या विचारात आहे. इंजिनाला नॉक सेन्सर (मिश्रण अवेळी पेटल्याचे, म्हणजे नॉकिंगचे, धक्के ओळखणारा) आहे आणि पेट्रोल ९१ रॉनचे (रॉन म्हणजे नॉकिंगला विरोध करण्याच्या क्षमतेचा आकडा) मिळते.

टॉर्क रेंच

आपला हिशेब बरोबर आहे, निष्कर्ष मात्र मला मुळीच मान्य नाही. पोर्ट इंजेक्शनच्या (पेट्रोल सिलिंडरबाहेर, हवेच्या मार्गात फवारणाऱ्या) जुन्या इंजिनात ९१ रॉनच्या पेट्रोलवर १०.५ म्हणजे सुरक्षिततेची सारी शिल्लक खर्च करून टाकणे होय. इंजिन तापलेले आहे, गाडी माणसांनी भरलेली आहे, चढ आहे आणि चालकाने गिअर खाली न घेता पेडल दाबले आहे, अशा क्षणी ज्वाला पोहोचण्याआधीच कडेचे मिश्रण स्वतःहून पेट घेते. सेन्सर ते ओळखून ठिणगी उशिरा पाडतो. त्यामुळे इंजिन वाचते, पण टॉर्क घटतो, एक्झॉस्टचे तापमान वाढते आणि कॉम्प्रेशन वाढवून कमावलेले बरेचसे ठिणगीच्या टायमिंगमध्ये गमवावे लागते.

फोर्ज्ड पिस्टनने नॉकिंग टळत नाही. ते सोसण्याची ताकद थोडी वाढते, इतकेच. शिवाय २६१८ मध्ये सिलिकॉन नगण्य असल्याने तो तापल्यावर अधिक फुगतो, म्हणून भिंतीशी फट जास्त ठेवावी लागते आणि थंड इंजिनात पिस्टनचा आवाज येतो. सतत उच्च भार सोसणाऱ्या शर्यतीच्या इंजिनात ही तडजोड योग्य ठरते. दिवसातून अनेकदा थंड सुरू होऊन थोडे अंतर धावणाऱ्या गाडीत ती रिंगांचे आणि बोअरचे आयुष्य कमी करते. माथ्याची घडण मूळचीच असलेले ओव्हरसाइज (वाढीव व्यासाचे) पिस्टन घ्या, असे मी आग्रहाने सांगेन.

फ्लायव्हील

मिश्रधातूबाबतचा आपला आक्षेप मी स्वीकारतो. सुमारे १२ टक्के सिलिकॉन असलेला ४०३२ अधिक योग्य ठरेल. पण रोजचे चालवणे बहुतांशी अर्ध्याहून कमी थ्रॉटलवर असते. तेव्हा सिलिंडर अर्धवटच भरतो, दाब कमी राहतो आणि नॉकिंग फार दूर असते. वर्षभरातील थोड्या क्षणांसाठी उरलेल्या सर्व तासांचा लाभ का सोडावा? माझ्दाने २०११ मध्ये १४:१ गुणोत्तराचे स्कायअ‍ॅक्टिव्ह-जी इंजिन सर्वसामान्य गाडीतच दिले होते.

टॉर्क रेंच

त्या इंजिनात थेट इंजेक्शन (पेट्रोल सिलिंडरमध्येच फवारणे) होते आणि पिस्टनच्या माथ्यावर मुद्दाम घडवलेला खळगा होता. आपण त्यातला फक्त आकडा उचलत आहात. इंजिन सरासरी भाराने मोडत नाही. ते सर्वांत वाईट क्षणी मोडते, आणि रोजच्या गाडीत तो क्षण कोण आणि कधी आणील हे आपल्या हाती नसते.

गास्केट

दोघांचीही चर्चा गुणोत्तराच्या आकड्यावर अडली आहे. मला पिस्टनचा आकार आणि त्याची उंची अधिक महत्त्वाची वाटते. पिस्टन वरच्या टोकाला असताना ब्लॉकच्या पृष्ठभागापासून किती खाली राहतो, हे मोजले आहे का? तो ०.६ मिमी खाली असेल आणि ब्लॉक व हेड (सिलिंडरांवरचा वरचा भाग) यांमधले दाबलेले गास्केट १ मिमी असेल, तर हेडच्या सपाट भागाशी फट १.६ मिमी होते. ही फट साधारण १ मिमी असावी. मग कडेचे मिश्रण जोराने मध्याकडे ढकलले जाते, ज्वलन जलद होते आणि आपोआप पेट घेण्याजोगे मिश्रण कडेला फारसे उरत नाही.

म्हणून गजन पिनपासून (पिस्टनला कनेक्टिंग रॉडशी जोडणाऱ्या पिनपासून) माथ्यापर्यंतची उंची ०.६ मिमीने जास्त असलेला पिस्टन शोधावा. ८०.५ मिमीच्या बोअरमध्ये त्यानेच ३ सीसी जागा कमी होते. वाटी ७.५ ऐवजी ५.५ सीसीची घेतली, तर उरणारी जागा ४५ सीसी आणि गुणोत्तर नेमके १० होते. वाटी हेडमधील ज्वलनकक्षाच्या बरोबर खाली असावी आणि सभोवतालची कड सपाट असावी. घुमटाकार माथा मात्र टाळावाच, कारण तो ज्वालेच्या मार्गात उभा राहतो. माझ्या मते, फट घट्ट केलेले १०:१ चे इंजिन सैल फटीच्या १०.५ पेक्षा या पेट्रोलवर कितीतरी समाधानाने चालेल.

टॉर्क रेंच

ही मांडणी मला बरीच पटते, तरी एक गंभीर अडचण नोंदवतो. माथा ०.६ मिमी वर आला की व्हॉल्व्हशी असलेले अंतरही तेवढेच घटते. इंजिन हाताने फिरवून, माथ्यावर प्लॅस्टिसिन (मऊ खेळमाती) ठेवून ते मोजावे लागेल. इनलेटला किमान २ मिमी आणि एक्झॉस्टला २.५ मिमी हा रूढ नियम आहे. पण हे अंतर चालत्या इंजिनापुरते पुरेसे असते. टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्हची हालचाल पिस्टनशी जुळवून ठेवणारा पट्टा) तुटल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण उघडे राहू शकतात. मूळ रचनेत त्या स्थितीतही पिस्टन त्यांना लागत नसेल, तर नव्या रचनेत तो लागू शकेल, आणि आज केवळ बेल्ट बदलून भागणारा बिघाड उद्या हेड उघडायला लावील.

फ्लायव्हील

हा मुद्दा माझ्या विचारात आला नव्हता. १०.५ चा आग्रह मी सोडतो, मात्र ९.१ वर परतण्यास तयार नाही. ४०३२ चे, ५.५ सीसी वाटीचे आणि वाढीव उंचीचे पिस्टन मिळाल्यास ते घेईन. ऑर्डर देण्यापूर्वी चारही सिलिंडरांतील पिस्टनची खोली आणि हेडमधील प्रत्येक कक्षाचे आकारमान मोजून घेईन, आणि व्हॉल्व्ह पूर्ण उघडे ठेवून पिस्टन लागतो का तेही पाहीन.

टॉर्क रेंच

तो लागला, तर व्हॉल्व्हसाठीच्या खाचा खोल कराव्या लागतील आणि त्यांचे आकारमान आपल्या ४५ सीसीत भर घालील. त्या खाचा धरूनच गुणोत्तर पुन्हा मोजावे. माझे मत अजूनही मूळ पिस्टनच्याच बाजूने आहे.