उरलेलं अँटिबायोटिक सर्दीवर नको

हिवाळ्यात सर्दी-ताप आला की घरात उरलेल्या अँटिबायोटिकच्या दोन गोळ्या घ्याव्यात, असा सल्ला बरेचदा दिला जातो. कृपया असं करू नका. सर्दी आणि फ्लू दोन्ही विषाणूंमुळे होतात. अँटिबायोटिक चालतं ते जिवाणूंवर. शेंबूड पिवळा-हिरवा झाला म्हणजे जिवाणूसंसर्ग झालाच असंही नाही, तो रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमुळे येतो.

सर्दी हळूहळू चढते. फ्लू बहुतेकदा अचानक गाठतो: सकाळी ठणठणीत असलेला माणूस संध्याकाळी तापाने फणफणतो, अंग मोडून येतं. हा फरक ओळखायला हवा, कारण फ्लूवरचं ओसेल्टामिवीर हे औषध लक्षणं दिसल्यापासून 48 तासांच्या आत सुरू केलं तर जास्त उपयोगी पडतं. गरोदर बायका, 65 च्या पुढचे, दमा किंवा मधुमेह असलेले, यांनी 'उद्या बघू' म्हणत थांबू नये. त्यांनी फ्लूची लस तर दर वर्षी घ्यावीच. विषाणू बदलत राहतो, मागच्या वर्षीची पुरत नाही.

वाफेबद्दल मात्र कळकळीने सांगते. उकळतं पातेलं लहान मुलासमोर कधीही ठेवू नका. डोक्यावर टॉवेल, समोरचं काही दिसत नाही, जरासा धक्का लागतो आणि पोटापासून मांड्यांपर्यंत भाजतं. नाक मोकळं करायला सलाईनचे (मिठाच्या पाण्याचे) नाकात घालायचे थेंब पुरतात. खोकल्याला मध चांगला, पण एक वर्षाच्या आतल्या बाळाला अजिबात नाही. मुलांना अ‍ॅस्पिरिनही नको.

धाप लागली, ओठ निळसर दिसले किंवा उतरलेला ताप पुन्हा चढला, तर थेट डॉक्टरकडे जा.