शब्दचर्चा : बुक्की मारली की ते ‘घट्ट’ होतं, ‘दाट’ होतं की आणखी काही?

मुलीच्या शाळेत विज्ञान दिनाला, २८ फेब्रुवारीला, पालकांनी एकेक खेळ मांडायचा आहे. माझ्या वाट्याला आलंय कॉर्नफ्लोअर आणि पाणी. माध्यम मराठी, म्हणून तक्ताही मराठीत. लिहायला बसले आणि तिसऱ्याच ओळीला अडले.

दोन वाट्या कॉर्नफ्लोअरला साधारण एक वाटी पाणी. बोट हळूच सोडलं तर सायीत शिरावं तसं तळापर्यंत जातं. त्याच वाडग्यावर बुक्की मारली तर ती वरच अडते, शिंतोडाही उडत नाही. मूठभर घेऊन वळत राहिलं की लाडू होतो. वळणं थांबलं की तोच लाडू बोटांच्या फटींतून ओघळून परत वाडग्यात.

‘दाबल्यावर मिश्रण घट्ट होते’ असं लिहिलं आणि खोडलं, कारण दहीही घट्टच असतं. ‘दाट होते’ लिहिलं, तेही खोडलं. दाट तर ते आधीपासूनच आहे. नाव काय लिहू हाही प्रश्न आहेच. मुली ‘ऊब्लेक’ म्हणतात.

प्रतिसाद १
ऊब्लेक हा गोष्टीतून आलेला शब्द. डॉ. स्यूस यांच्या १९४९ सालच्या बालपुस्तकातल्या राजाला पाऊस, ऊन, धुकं आणि बर्फ यांचा कंटाळा येतो, आभाळातून काहीतरी नवीन पडावं असा हट्ट तो धरतो, आणि मग जो हिरवा चिकट गिचका पडतो त्याचं हे नाव. शब्दाला अर्थ असा काही नाही. तसाच ठेवा, पोरांना अडत नाही.

प्रतिसाद २
पारिभाषिक शब्द ‘श्यानता’, म्हणजे व्हिस्कॉसिटी, द्रव वाहायला किती अडतो ते. संस्कृतात श्यान म्हणजे थिजलेलं, आळलेलं. द्रव आणि वायू या दोघांसाठी मिळून ‘द्रायू’ असा शब्द आहे, तेव्हा हा झाला अ-न्यूटनी द्रायू. न्यूटनच्या नियमात बसणारा द्रव म्हणजे पाणी किंवा तेल. हळू ढवळा नाहीतर जोरात, त्याची श्यानता तीच राहते. इथे जोर वाढला की श्यानताही वाढते. टोमॅटो सॉसचं उलटं, बाटली हलवली की ते पातळ होऊन एकदम बदाबदा पडतं.

(चौथीच्या मुलांसमोर ‘अ-न्यूटनी द्रायू’ म्हणून बघा आणि काय होतं ते इथे कळवा.)

प्रतिसाद ३
अहो, याला आमच्याकडे नाव आहे. चीक.

माहेर जळगावकडचं. कुरडयांसाठी गहू तीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून, पिळून चोथा बाजूला काढायचा. राहिलेलं पांढरं पाणी रात्रभर झाकून ठेवलं की चीक तळाला बसतो. सकाळी वरचं पाणी ओतून द्यायचं आणि खालचा चीक मोकळा करायचा, हे काम आई माझ्याकडे द्यायची. डाव घेऊन खरवडायला गेलं की दगड! डाव जागचा हलत नाही. आई म्हणायची, ‘भांडू नको त्याच्याशी, हात नुसता ठेव.’ हात ठेवून बोटं सावकाश फिरवली की तोच दगड दुधासारखा सुटायचा. कॉर्नफ्लोअर आमच्या घरात पुढे कितीतरी वर्षांनी आलं, पण हा खेळ मी आठव्या वर्षीच खेळलेय.

प्रतिसाद ४
वा! पण चीक म्हणजे पपईचा, रुईचाही. आणि खरवसाचाही. शहरातल्या मुलांना कोणता समजणार? ‘खळ’ कशी वाटते?

प्रतिसाद ३, पुन्हा
खळ नाही हो. खळ शिजवलेली असते. चीकसुद्धा आधणात घालून शिजवला की हा खेळ संपला, मग तो नुसता चिकट, चकचकीत गोळा. तेल घालून गरमगरम खायचा तो. कच्चा आहे तोवरच त्याचे हे नखरे.

मूळ प्रश्नकर्ती
हे नेमकं आहे. कच्च्या स्टार्चचे कण सुटे असतात, मिलिमीटरच्या साधारण शंभराव्या भागाएवढे, आणि त्यांच्यामधून पाणी खेळत असतं. सावकाश ढकललं तर एकमेकांना वाट देतात. एकदम दाबलं तर मधलं पाणी बाजूला होतं आणि कणावर कण घासून सगळे अडकतात, दादरच्या पुलावर संध्याकाळी माणसं अडकतात तसे. शिजवले की कण पाणी पिऊन फुगतात, फुटतात. मग अडकायला कोण उरतं?

यावरून माझा गुंता सुटला असं वाटतंय. दाट विरुद्ध पातळ, यात पाणी किती ते कळतं. घट्ट विरुद्ध सैल, यात पकड किती ते कळतं. गाठ घट्ट असते, दाट नसते. धुकं दाट असतं, घट्ट नसतं. आपलं मिश्रण पूर्ण वेळ दाटच आहे, बुक्कीनं फक्त घट्ट होतं आणि सोडलं की सैल.

प्रतिसाद ५
नियम छान आहे, पण आम्हा नागपूरकरांचं घट्ट वरण कुठे बसवणार? तिथे पकडीचा काय संबंध? पाणीच कमी असते.

मूळ प्रश्नकर्ती
हरले. दही आणि वरण दोघांनी मिळून माझा नियम मोडला. तरी ‘दाट गाठ’ कोणी म्हणत नाही, एवढं तरी माझ्या पदरात राहू द्या.

प्रतिसाद २
मग विशेषण सोडून क्रियापद घ्या ना. ‘ताठणे’. बुक्की मारली की ताठतं, सोडलं की सैलावतं. दही लागतं, तूप थिजतं, रबडी आळते, पण ती सगळी आहेत तशीच राहतात. ताठलेलं माणूस मात्र सैलावतं. (श्यानता मी मागे घेतो.)

मूळ प्रश्नकर्ती
ताठणे! हाच.

आज रंगीत तालीम केली. दुकानदाराला ‘मक्याचं पीठ’ सांगितलं, त्यानं भाकरीचं पिवळं पीठ दिलं आणि मी न बघता भिजवलं. बुक्की मारली ती थेट तळाला, भिंतीवर पिवळी नक्षी. हव्या त्या पांढऱ्या पुडीला आपण सगळे कॉर्नफ्लोअर म्हणतो, मक्याचं सत्त्व कोणी म्हणत नाही. तेव्हा साहित्यात कॉर्नफ्लोअरच लिहिलंय. दुसरा घाणा मात्र जमला. तो मोरीत ओतला आणि मोरी तुंबली. खाली जाऊन तो चीकच बसला असणार.

तक्त्यावर आता असं आहे : ‘हट्टी चीक. भांडलात तर ताठतो. हात नुसता ठेवलात तर सैलावतो.’ खाली बारीक अक्षरात, ‘मोरीत ओतू नये’. जळगावच्या ताई, तुमच्या आईंचं वाक्य न विचारता वापरलंय, चालेल ना?

प्रतिसाद ३
चालेल काय! फोटो टाका तक्त्याचा, तिला दाखवते.