बांधालगत निघालेलं दगडी चाक: जातं, रूळ की आणखी काही?

शेतबांध
बांध नीट करताना काळ्या दगडाचं एक चाक निघालं. व्यास ११० सेंमी, जाडी ३० सेंमी, मधोमध आरपार चौकोनी भोक, त्याची बाजू १४ सेंमी. दोन्ही सपाट तोंडांवर छिन्नीचे घाव स्पष्ट दिसतात. घेर मात्र गुळगुळीत आहे आणि त्याच्या दोन्ही कडा गोलसर झाल्यात. खाचांत पांढरं काहीतरी बसलंय. दहा-बारा पावलांवर घडीव दगडांची एक ओळ जमिनीतून डोकावते, किंचित वळत गेलेली, बाकीची मातीखाली. अक्षर, चित्र कुठेच नाही. कोणी जातं म्हणतं, कोणी मळणीचा रूळ, एकाने तर रथाचं चाक ठरवून टाकलंय. नक्की काय असावं? आणि हलवलं तर चालेल का?

टाकीचे घाव
चुन्याच्या घाणीचं, म्हणजे बांधकामासाठी चुना आणि वाळू मळायच्या बैलाच्या यंत्राचं, चाक आहे. तुम्ही झीज कुठे आहे ते लिहिलंत म्हणून इतक्या खात्रीने सांगता येतं.

जातं तोंडावर घासतं, त्यामुळे तोंड झिजतं आणि त्याला पुन्हा पुन्हा टाकी लावावी लागते. तुमच्या दगडाची तोंडं खडबडीत आणि घेर गुळगुळीत, म्हणजे तो उभा राहून घेरावर फिरला. मळणीचा रूळ व्यासापेक्षा लांबीला जास्त असतो. तेलघाण्याचं म्हणाल तर त्याचं उखळ असतं, चाक नव्हे. आणि रथाला एवढं वजन कोण जोडेल? बेसॉल्टचा, म्हणजे आपल्याकडच्या काळ्या दगडाचा, घनमीटर साधारण २.८ टनांचा धरला तर हे चाक आठशे किलोच्या आसपास भरतं.

घाणीत जमिनीवर दगडी चर गोल बांधलेला असतो. चाक त्या चरात उभं. भोकातून लाकडी आडवा दांडा जातो, त्याचं एक टोक मधल्या खुंटाला आणि दुसरं बैलाच्या जुवाला. भोक गोल की चौकोनी यावरून काही ठरत नाही, दोन्ही प्रकार सापडतात.

आता कडा गोलसर का? चाक वर्तुळात फिरतं, पण त्याची आतली कड कमी अंतर कापते आणि बाहेरची जास्त. जाडी ३० सेंमी असेल तर दर फेरीला दोन्ही कडांत सुमारे १.९ मीटरचा फरक पडतो, चर लहान असो की मोठा. चाक एकसंध आहे, त्यामुळे तो फरक घसरूनच भरून निघतो. हा घसराच चुना मळतो. नुसत्या दाबाने वाळूवर चुन्याचा लेप बसत नाही.

ती वळती ओळ चराची भिंत असणार. उकरण्याआधी दोरीने तपासा. ओळीच्या एकाच बाजूवर, दगडांच्या आतल्या कडेला, दोन खुणा २ मीटर अंतरावर करा. त्यांच्यात दोरी ताणा आणि मधोमध दोरीपासून कडेपर्यंतचं अंतर सेंटिमीटरमध्ये मोजा. २०० चा वर्ग भागिले त्या अंतराची आठपट, अधिक त्या अंतराचं निम्मं. ही झाली त्रिज्या. तेवढ्यावर खुंटाचा खड्डा शोधा.

खडकपारखी
वरच्या उत्तराशी सहमत, फक्त पांढऱ्या डागांवर लगेच विश्वास ठेवू नका. दख्खनच्या बेसॉल्टमध्ये वायूच्या पोकळ्या झिओलाइट किंवा कॅल्साइट या पांढरट खनिजांनी भरलेल्या असतात. त्यामुळे जो तो चुना सापडला म्हणतो. फरक असा: झिओलाइटचे ठिपके दगडाच्या आत, गोल किंवा बदामी, तुटक. चुन्याचा थर छिन्नीच्या घावावर बसलेला, म्हणजे घाव आधी आणि पांढरं नंतर. नखाने किंवा चाकूच्या टोकाने थोडा खरवडून त्या भुकटीवर व्हिनेगर टाका, बुडबुडे आले तर कार्बोनेट, म्हणजे जुना घट्ट झालेला चुना असू शकतो. मात्र कॅल्साइटही असेच बुडबुडे देतं, म्हणून आधी जागा पाहा, मग बुडबुडे. आणि आम्ल दगडावर ओतायचं नाही, खरवडलेल्या भुकटीवरच.

काँक्रीटची शंका असेल तर एखादी ताजी तुटलेली कड बघा. काँक्रीटमध्ये खडी आणि करड्या लगद्याचे वेगवेगळे कण दिसतात, कधी साच्याची सरळ रेघही असते. इथे घाव दिसतात म्हटल्यावर दगडच.

शेतबांध
दोरी लावली. मधलं अंतर १७ सेंमी भरलं, म्हणजे त्रिज्या ३.०३ मीटर. दोन दगडी कडांमधली रुंदी ४० सेंमी. त्रिज्येवर जिथे मध्य येतो तिथे गवत खुरप्याने बाजूला केल्यावर चौकोनी खळगा असलेला एक दगड दिसला. व्हिनेगरने बुडबुडे आले, थर घावांवरच होता. किती जुनं असेल?

टाकीचे घाव
खळगा खुंटाचाच. ३० सेंमीच्या चाकाला ४० सेंमीचा चर, दोन्हीकडे पाच-पाच सेंमी मोकळे, हेही जुळतं.

वय चाकावरून सांगता येत नाही, हे स्पष्ट सांगतो. किल्ल्यांवर अशा घाणी दिसतात म्हणून लोक लगेच शिवकाळ म्हणतात, पण चुन्याचं काम त्यानंतरही कितीतरी वर्षं चाललं. पोरबंदरचा सिमेंट कारखाना १९१४ चा, आणि त्यानंतरही बांधकामात चुना वापरात होता. त्यामुळे आसपास जुनी विहीर, पूल, बंधारा किंवा वाडा कोणता, ते बघा. घाणी बांधकामाजवळच लावतात, कारण मळलेला चुना लांब वाहून नेण्यात कष्टही आणि सुकण्याचा धोकाही. त्या बांधकामाच्या सांध्यातल्या चुन्याची कपची आणि तुमच्या चरातला थर भिंगाखाली शेजारी ठेवा. वाळूचा दाणा, विटेची लाल सुरखी सारखी दिसली तर नातं पक्कं मानायला हरकत नाही. जवळ लाल भाजलेली माती आणि अर्धवट जळालेले चुनखडीचे गोळे मिळाले तर चुनभट्टीही तिथेच.

खडकपारखी
हलवण्याबद्दल: शक्यतो नको. चर, खुंट आणि चाक एका जागी राहिले तरच ती घाणी आहे; चाक अंगणात नेऊन तुळशीजवळ ठेवलं की शोभेचा दगड उरतो. राज्य पुरातत्त्व विभागाच्या विभागीय कार्यालयाला फोटो आणि मापं कळवा. फोटोत पट्टी ठेवा, चर आणि चाक एकाच चौकटीत घ्या. संरक्षित स्मारकापासून १०० मीटरच्या आत जागा असेल तर खोदकामाचा विचारच करू नका. त्यापुढच्या २०० मीटरमध्ये परवानगी लागते.

नांगराच्या वाटेत येतंय म्हणून बाजूला घ्यावंच लागलं तर भोकातून साखळी घालून यंत्राने उचलू नका. सगळा भार भोकाच्या कोपऱ्यांवर येतो आणि चौकोनी भोकाचा कोपराच तडा सुरू करतो. रुंद पट्टे घेराखालून, दोन जागी, कडांना लाकडी तुकडे लावून. शेंदूर, तेलरंग, उजळ करण्यासाठी आम्ल, यातलं काहीही नाही. तो पांढरा थर हाच तुमचा पुरावा आहे.