लोखंड असून सुपरकंडक्टर? काहीतरी गडबड आहे

गोटीसोडा: एमेस्सीला आहे. सरांनी शिकवलं की सुपरकंडक्टरमध्ये (थंड केल्यावर विजेला काहीच विरोध न करणारा पदार्थ) चिमूटभर लोखंड गेलं तरी टीसी, म्हणजे ज्या तापमानाखाली हे घडतं ते, धाडकन पडतो, कारण त्यात इलेक्ट्रॉन जोड्यांनी वाहतात, जोडीतल्या दोघांचे स्पिन (प्रत्येकाचं इवलंसं चुंबकत्व) उलटे आणि चुंबकी अणू दोघांशी वेगळं वागतो, जोडी फुटते. पटलं. आणि पुढच्याच आठवड्यात सेमिनार कशावर तर आयर्न बेस्ड सुपरकंडक्टर, म्हणजे अख्खा मालच लोखंडाचा! मग आधीचं खोटं का?

निवांत_पाटील: खोटं नाही रे, साध्या सुपरकंडक्टरला ते लागू आहेच. शुद्ध लोखंडसुद्धा दाबाखाली सुपरकंडक्टर होतं, जपानात 2001 मध्ये दाखवलंय, पण 2 केल्विनच्या (साधारण उणे 271 अंश सेल्सियस) खाली आणि दाबाने त्याचं चुंबकत्व गेल्यावरच. तोवर सगळे म्हणायचे चुंबकापासून लांब राहा. मग टोकियोत होसोनो या शास्त्रज्ञांच्या ग्रुपला 2006 मध्ये लँथॅनम-लोखंड-फॉस्फरस-ऑक्सिजनच्या संयुगात 4 केल्विनचा टीसी मिळाला, फार कोणी ढुंकून पाहिलं नाही. 2008 ला फॉस्फरसच्या जागी आर्सेनिक, थोड्या ऑक्सिजनच्या जागी फ्लोरिन, थेट 26! त्याच वर्षी लँथॅनमऐवजी समेरियम घालून चीनमध्ये 55 वर नेला.

गोटीसोडा: मग चुंबकत्व मित्र की शत्रू?

काकडआरती: दोन्ही, आणि तीच तर गंमत. बेरियम-आयर्न-आर्सेनाइड घे. 140 केल्विनच्या आसपास त्यातले स्पिन कवायतीला उभे राहतात, एक रांग तोंड वर करून, शेजारची खाली. असं कडक शिस्तीत असताना सुपरकंडक्टिव्हिटी नाही. आता बेरियमच्या जागी पोटॅशियम घालत जा, कवायत मोडते पण रांगांमधली कुजबुज राहते, आणि बऱ्याच जणांच्या मते ही कुजबुजच इलेक्ट्रॉनना जोडते, साध्या सुपरकंडक्टरमध्ये जोडणारी अणूंच्या जाळीची थरथर इथे एकटी पुरत नाही. टीसी 38 पर्यंत जातो. पोटॅशियमचं प्रमाण मधलं असताना तर कवायत आणि सुपरकंडक्टिव्हिटी दोन्ही एकत्र नांदतात.

निवांत_पाटील: आणि आयर्न सेलेनाइड? त्यात साध्या दाबाला कवायत होतच नाही, तरी 8 केल्विन आहेच.

काकडआरती: हो, म्हणून तर भांडणं अजून चालू आहेत. पण न्यूट्रॉनचा झोत टाकून बघितलं तर कुजबुज तिथेही सापडते.

गोटीसोडा: आता जरा लागतंय. गाईड म्हणताहेत क्रिस्टल स्वतः वाढव.

काकडआरती: वाढव की, अभ्रकासारखे चकचकीत पापुद्रे येतात, चिकटपट्टीने सोलता येतात. फक्त आर्सेनिक आहे बाबा, ग्लव्हबॉक्सबाहेर (हातमोजे बसवलेली हवाबंद पेटी) माल भरलेली काचेची कुपी उघडू नकोस आणि भट्टी हळू तापव, कुपी फुटली तर लॅब रिकामी करावी लागते. आमच्याकडे एकदा फुटली होती, दोन दिवस सगळे कँटीनमध्ये.